चांगल्या जंतूंची पुडी

परदेशी कंपन्या नव्यानं आल्या, त्या दिवसांत मी त्यांतल्याच एका कंपनीसाठी औषधांच्या दुकानांत लहान मुलांच्या पोटासाठी चांगल्या जंतूंच्या पुड्या विकायचो. आबिड्सच्या बाजारातला म्हातारा औषधवाला माझं सगळं ऐकून "हौ साब" एवढंच म्हणायचा, प्रत्येक पुडी उजेडाकडे धरून तारीख वाचायचा आणि माझ्या शब्दावर गिऱ्हाइकाला द्यायचा.

एकदा माझ्या दोन वर्षांच्या मुलीचं पोट बिघडलं. मी त्याच्याकडे मीठ-साखरेचं पाकीट मागितलं.

"आपकीच पुडी देऊं क्या साब?"

"नक्को. घर में दही-चावल दे रहे, बस है."

माझीच पुडी घेऊन नुकत्याच दुकानाच्या पायऱ्या उतरलेल्या बाईला त्यानं हाक मारली. "अम्मा, वो पुडी वापस देव. बच्चे कू दही-चावल देव, बस है."

मग मी मागितलेलं मीठ-साखरेचं पाकीट उजेडाकडे धरून त्यानं सावकाश तारीख वाचली. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.