चिखलाचं चाक घेऊन फ्रेम बघायला गेलो

मंडळी, आज अगदी किळस आली.

खडी-मातीच्या वाटांवर चालवायच्या ग्रॅव्हल सायकलची नवी फ्रेम घ्यायची म्हणून केशवापुरातल्या दुकानात गेलो. कुंदगोळकडच्या शेतवाटेवरून आलेलं जुन्या सायकलचं चाक मुद्दाम न धुताच नेलं. आमची काळी माती टायरला लिंपते, म्हणून फ्रेममध्ये टायरभोवती ऐसपैस जागा हवी.

"कसलाही रुंद टायर बसतोय, अण्णा," दुकानदार म्हणाला.

माझं चाक फ्रेममध्ये बसवलं. चिखल फ्रेमला घासून चाक जागेवरच जाम!

धारवाडकडच्या चढाला हलका गिअर आहे का, विचारलं. तर म्हणे, "उतरून ढकलायचं की!"

वर मलाच सुनावलं, "चाक धुऊन आणायचं नाही का?"

शी! चाक मी धुऊन आणीन हो. पण तुम्हीच सांगा, रस्ता कोण धुऊन देणार?