निःपक्षपाती प्रेक्षक

आधी चहा घ्या, मग सांगते. आणि हसायचं असेल तर मोकळेपणाने हसा, कारण कीव केलेली मला चालत नाही. माझ्या हातून जो घोळ झालाय ना, तो साध्यासुध्या माणसाला जमणार नाही. त्याला माझ्यासारखा संशयी स्वभाव लागतो.

मी डबिंग करते हे तुम्हाला माहीतच आहे. पडद्यावर परदेशी बाई तोंड हलवते आणि मराठीत आवाज येतो तो माझा. वीस वर्षं झाली. पण वीस वर्षांत केलं काय? गर्दीतली बाई. भाजी घेणारी बाई. "पळा, आग लागली" म्हणून पळत सुटणारी बाई. आगीतून मी इतक्या वेळा पळालेय की फायर ब्रिगेडने मला पेन्शन द्यायला हवी.

आणि मग एकदम कमांडर ताशा मिळाली. अ‍ॅनिमेशनची मालिका होती. गुरूच्या एका चंद्रावर माणसं जाऊन वस्ती करतात, आणि त्या वस्तीची प्रमुख ही ताशा. अख्खी मालिका तिच्यावर. अंधेरीला एका गॅरेजच्या वर स्टुडिओ आहे, तिथे मी महिनाभर बोरिवलीहून जात होते. पहिल्या दिवशी रेकॉर्डिस्टने माइक तपासायला म्हणून समोर पडलेल्या कागदावरच्या कुठल्यातरी दोन ओळी वाचायला लावल्या, तसं नेहमीच करतात, आणि मग आम्ही कामाला लागलो. ऑक्सिजन संपत येतो आणि ताशा आपल्या माणसांचा निरोप घेते, त्या सीनला मी खरंच रडले. रेकॉर्डिस्टने काच वाजवून विचारलं, "ताई, पाणी देऊ?" वीस वर्षांत मला पहिल्यांदाच कोणी पाणी विचारलं होतं.

आता आमच्या लाइनची एक गंमत ऐका, कारण सगळी वाट तिथेच लागली. आम्ही एकेकटे काचेच्या खोलीत उभं राहून आपली वाक्यं बोलतो. तयार झालेली मालिका आम्हालाही तुमच्याबरोबरच बघायला मिळते. आणि मला स्वतःचा आवाज ऐकवत नाही. अंगावर काटा येतो. म्हणून मी काय करते, आवाज बंद करून बघते. ओठ आणि आपली वाक्यं जुळतायत की नाही, तेवढं तपासायचं. ओठ जुळले की काम झालं. ही मालिकाही मी तशीच बघितली, मोबाइलवर, एकदम मुकी. ओठ झकास जुळले होते. घरात सगळ्यांना ताकीद दिली की माझ्या कानावर ताशा पडता कामा नये. घरात सगळे म्हणजे आमचे हे. ते हेडफोन लावून बघायचे.

मालिका लागली आणि आठवड्याभरात स्टुडिओच्या निखिलचा फोन आला. कलाकारांना तोच बोलावतो.

"ताई, दुसऱ्या सीझनचे आवाज प्रेक्षकांची मतं बघून ठरवणार आहेत."

"मग बघा की."

"हो. ताई, अजून एक बोलायचं होतं… जाऊ दे, नंतर सांगतो."

माझ्या डोक्यात लगेच आलं, हा मानधन कमी करायला बघतोय. म्हटलं, बस तसाच अडकून.

तेव्हापासून मी ती मतं वाचायला लागले. मालिकेच्या पानावर खाली लोक लिहायचे. काय एकेक मतं! कोणी म्हणे, चंद्रावर पाण्याची बोंब आहे तर यांचे गणवेश रोज पांढरे शुभ्र कसे? कोणी म्हणे, वस्तीत प्रत्येकाला सारखी खोली मिळाली, हा भाग आमच्या बिल्डरला दाखवा. मुलुंडच्या एका काकूंना एवढंच पडलं होतं की यांच्याकडे डाळीला फोडणी कोण देतं. मी मजेत वाचत होते आणि अचानक एक मत दिसलं. लिहिणाऱ्याचं नाव, 'परग्रहावरचा भाडेकरू'.

"कमांडरचा आवाज ऐकून वाटतं, चंद्रावर वस्ती नाही, बँकेत टोकन नंबर पुकारतायत."

दुसऱ्या दिवशी परत तोच. "ऑक्सिजन संपतो तेव्हा ही बाई रडते की शिंक अडलीय? ताबडतोब आवाज बदला."

ज्या सीनला मला पाणी विचारलं, त्या सीनला शिंक? खोटं कशाला बोलू, मी मोरीत जाऊन रडले. आणि तोंड धुताना विचार केला, हा माणूस ओळखीचा आहे. अनोळखी माणसाला एवढी आग कशाला लागेल?

पहिला संशय फिलूवर. फिलोमिना, आमच्या समोरच्या फ्लॅटमधली, मूळची गोराईची. माझी मैत्रीण. पण नोकरी कुठे? बँकेत. आणि मतात शब्द कुठला? टोकन. मी लिफ्टपाशी सहज विचारलं, "फिलू, मालिका बघितलीस का गं?"

"बघितली ना यार. काय बोललीयेस तू! तुझा आवाज ओळखूच येत नाही."

हे कौतुक झालं की टोमणा? रात्रीची भाकरी थापताना मी तेवढ्या एका वाक्याचा विचार करत होते.

दुसरा संशय अलकावर. अलका माझ्याबरोबरचीच, घाटकोपरला राहते. ताशासाठी तिचीही टेस्ट झाली होती आणि रोल मला मिळाला. तेव्हा तिने माझं अभिनंदन केलं, पण दोनदा केलं. एकदा केलं असतं तर मी मानलं असतं. आणि मालिका लागल्यापासून बाई फोनच उचलत नव्हती. मेसेज केला तर फक्त हात जोडलेले. म्हटलं, सापडली.

पण पुरावा मिळेपर्यंत गप्प बसायचं? दुसऱ्या सीझनला तोवर तो भाडेकरू मला घराबाहेर काढायचा. मग मी एक नवीन खातं उघडलं. नाव ठेवलं, 'निःपक्षपाती प्रेक्षक'. खाली लिहिलं, निवृत्त मुख्याध्यापक, घाटकोपर. फोटो डोंगरामागून उगवणाऱ्या सूर्याचा. आणि घेतला भाडेकरू फैलावर.

"महाशय, कमांडर ताशाच्या आवाजात अधिकार आहे आणि माया आहे. तो रडण्याचा प्रसंग ऐकून माझ्यासारख्या कठोर माणसाचे डोळे भरून आले. ज्यांना ती शिंक वाटते, त्यांनी कान तपासून घ्यावेत."

लोकांना काय आवडलं म्हणता. मुख्याध्यापक म्हटल्यावर सगळे मला 'सर' म्हणायला लागले. "सर, अगदी बरोबर." "सर, आम्हीही परत ऐकलं, आवाजात खरंच माया आहे." भाडेकरू चिडून लिहायचा, सर त्याला धुवून काढायचे. घरात मी कुकर लावून सर व्हायचे, शिट्ट्या झाल्या की परत मी.

मग कोणीतरी शंका काढली की सर नुसतं कौतुकच करतात, कंपनीचे माणूस तर नाहीत? मी चपापले. निःपक्षपाती दिसायचं तर कशाला तरी नावं ठेवायला हवीत. पण कोणाला ठेवणार? सगळे आपल्याच लाइनमधले, प्रत्येकाचं पोट त्यावर. तेवढ्यात दार आठवलं. त्या वस्तीचं मोठं लोखंडी दार असतं, ते उघडमीट करताना काहीतरी बोलतं, असं मतांत वाचलं होतं. दाराला ना ओठ, ना पोट. त्याला कशाला वाईट वाटतंय? न ऐकताच ठोकून दिलं.

"मालिका उत्तम. फक्त त्या दाराचा आवाज काढून टाकावा. यंत्र बोलतंय असं वाटत नाही. शेजारीण विरजण मागायला आल्यासारखी वाटते."

त्या मताला जेवढी पसंती मिळाली ना, तेवढी ताशालाही मिळाली नव्हती. "सर, दाराचं एकदम पटलं." सरांचा दबदबा वाढला.

तरी भाडेकरू काही हटेना. शेवटी मी सापळा लावला. तिघांना तीन वेगवेगळ्या थापा मारायच्या आणि कुठली थाप मतात उगवते ते बघायचं. फिलूला लिफ्टमध्ये सांगितलं, दुसऱ्या सीझनला ताशा मरते. अलकाला मेसेज केला, ताशा शत्रूला फितूर होते. तिसरे आमचे हे. यांच्यावर संशय घ्यायला कारण काही नव्हतं. पण मालिका कशी वाटली विचारल्यावर हे ताटावरून मान वर न करता "चांगली झालीय" म्हणाले होते, आणि पंचवीस वर्षांत या माणसाने माझ्या आमटीलासुद्धा चांगली म्हटलेलं नाही. म्हणून वाढता वाढता यांना सांगितलं, ताशा त्या रोबोटशी लग्न करते.

दुसऱ्या दिवशी रविवार. हे गॅलरीत मोबाइल घेऊन बसलेले, मी पोह्यांचे कांदे चिरत होते. माझा मोबाइल वाजला. भाडेकरूचं नवीन मत.

"पुढच्या सीझनला कमांडर म्हणे रोबोटशी लग्न करते. खुशाल करू दे. पण आवाज आधी बदला. या आवाजात उखाणा कोण ऐकणार?"

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. मी गॅलरीत गेले. सुरी हातातच होती हे मला नंतर कळलं.

"अहो, भाडेकरू तुम्ही?"

हे आधी सुरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो."

"बायकोच्या पोटावर पाय? अहो, वीस वर्षं मी आगीतून पळाले. एक रोल मिळाला, तर तुम्ही मला शिंक म्हणता? टोकन म्हणता?"

"मंजू, बस जरा."

"बसत नाही."

"तो आवाज तुझा नाहीये."

मला वाटलं, माणूस घाबरून काहीही बोलतोय. यांनी मोबाइलचा हेडफोन काढला आणि तो सीन लावला. महिनाभरात पहिल्यांदा मी ताशाचा आवाज ऐकला. तो अलकाचा होता. ऑक्सिजन संपतोय आणि अलका रडतेय. अलकाच ती, 'स' वर जरा जास्त रेंगाळते.

"पहिल्याच दिवशी कळलं मला," हे म्हणाले. "मी निखिलला फोन केला. वरून सांगणं आलं म्हणे, आवाज जरा घरगुती वाटतो. सगळं परत अलकाकडून करून घेतलं. तुला सांगायचा त्याला धीर होईना, आणि मलाही होईना. तू इतकी खुश होतीस. मग म्हटलं, लोकांनी या आवाजाविरुद्ध बोंब मारली, तर दुसऱ्या सीझनला तुला परत घेतील. जमतही आलं होतं गो. पण मेला तो घाटकोपरचा मास्तर मध्ये कडमडला."

मी खुर्चीवर बसले.

"काय झालं?"

"तो मास्तर मीच."

हे गंभीर चेहऱ्याने थेट मालवणीत म्हणाले, "म्हणजे माका कान तपासून घे म्हणान सांगणारी तू?"

मी मान हलवली.

"आणि 'चाळीत वाढलेल्यांना अंतराळ काय कळणार'?"

"तेही मीच."

"अगो, तू पण चाळीतलीच ना?"

मला रडू फुटलं. रोल गेला म्हणून आणि या माणसाने माझ्यासाठी एवढा खटाटोप केला म्हणून, दोन्हीसाठी. तसे हे जवळ सरकले आणि म्हणाले, "रडू नको. तू आहेस त्या मालिकेत. एका ठिकाणी ठेवलीय तुला. मी तर मालिका तेवढ्यासाठीच लावतो." आणि यांनी दुसरा एक तुकडा लावला.

लाल दिवा लागला. लोखंडी दार सरकलं. आणि दार माझ्या आवाजात बोललं, "दरवाजा बंद होत आहे. कृपया मागे सरा."

माइक तपासायला वाचलेल्या त्या दोन ओळी. त्याच ठेवल्या होत्या त्यांनी. आणि खरं सांगू? चांगल्या वाटत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला नाही. दार प्रत्येक भागात होतं. दार म्हणजे दुसऱ्या सीझनलाही असणारच.

तेवढ्यात मला सरांचं ते विरजण आठवलं.

निखिलचा फोन सोमवारी आला. आवाज अगदी मऊ.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. दुसऱ्या सीझनला अलकाताईच राहतील. लोकांना फार आवडल्या. एक सर आहेत घाटकोपरचे, त्यांनी तर इतकं सुंदर लिहिलंय. अलकाताई त्यांचा पत्ता शोधतायत, पेढे घेऊन जायचंय म्हणे."

"बरं. आणि दार?"

"तुम्हाला दाराचं कळलं? हो ना, ताई. आम्ही ठेवणारच होतो. पण सरांनी हरकत घेतली. आता दाराला नुसता बीप देतोय."

"अरे, एका माणसाच्या सांगण्यावरून?"

"ताई, एक माणूस असला तरी जाणकार आहे."

वीस वर्षांत या लाइनमध्ये मला कोणी जाणकार म्हटलं नव्हतं. मी थँक्यू म्हणणार होते, जीभ चावली.

फोन ठेवला तर हे दारात उभे. "काय म्हणाला?"

"सरांनी माझं दारही घालवलं."

"मग लिही की त्यांच्याविरुद्ध. मीही लिहितो."

"काही उपयोग नाही हो," मी म्हटलं. "आपल्याला कोण विचारतंय? लोक सरांचंच ऐकतात."