करजगीच्या नागूबाईचं मत

मुडबीत नागूबाईला नागूबाई म्हणणारं कुणीच नव्हतं, ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी. तिचं माहेर करजगीचं. लग्न होऊन मुडबीला आली, तेव्हा सासरच्या रिवाजाप्रमाणे ताटातल्या तांदळांवर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं गेलं, राजूबाई. सासू कोंडाबाईची एकुलती लेक राजू लहानपणीच देवीच्या साथीत गेली होती. तिचं नाव सुनेला देऊन म्हातारीनं घरात पुन्हा ‘राजू, ए राजू’ अशी हाक मारायची सोय करून घेतली. सुनेनंही बारा वर्षं त्या हाकेला मुकाट ‘ओ’ दिली. सासूचा जीव त्या नावात अडकलाय, हे तिला कळत होतं. पण आपलं नाव असं अंगावरच्या लुगड्यासारखं बदलून टाकतात, याचं तिला मनातून वाईट वाटायचंच.

पुढे रझाकारी सरली, पोलीस ॲक्शन झाली आणि हैदराबाद राज्यात पहिल्यांदाच विधानसभेची निवडणूक ठरली. मुडबी कुठल्याशा मतदारसंघात गेली. मतदारसंघ हे काय प्रकरण आहे, हे पटवाऱ्यालाही धड ठाऊक नव्हतं, तरी बिचारा घरोघर नावं लिहीत हिंडला. बायका दाराआडून शेजारणीची ओळख सांगत, “लिवा, गुंडप्पाची बायकू.”

“बायकू चालंना, वरून हुकूम हाय!” पटवारी करवादायचा. “सोताचं नाव सांगा.”

नागूबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिला तिचं नाव विचारणारा हा बारा वर्षांतला पहिलाच माणूस. तिच्या तोंडून निघून गेलं, “नागूबाई.” नवऱ्याचं नाव काही तिनं घेतलं नाही, ते शेजारणीनं सांगितलं. पटवारी गेला आणि नागूबाई सूप हातात धरून एकटीच हसत बसली. घरात मात्र तिनं अवाक्षर काढलं नाही.

मतदानाचा दिवस जत्रेसारखाच उजाडला. गाड्या जुंपल्या, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधले, पेटीतली लुगडी बाहेर निघाली. दोन कोसांवरच्या शाळेत एका बाजूला बायांची रांग, दुसरीकडे बाप्यांची. बिदरहून आलेल्या साहेबाला उर्दू तोंडपाठ आणि मराठी जेमतेम. त्याच्या कारकुनानं यादी वाचली, “नागूबाई, जौजे अंकुशराव!” म्हणजे अंकुशरावाची बायको. नागूबाई पुढे झाली.

“थांबा साहेब!” चन्नबसप्पा ओरडला. एरवी तो किराणा विकायचा. आज एका उमेदवाराचा एजंट होता आणि एजंटपण त्याच्या अंगात पुरतं भिनलं होतं. “ही तर राजूबाई. नागूबाई नावाची बाई आमच्या गावातच न्हाई.”

“दूसरी है तो वोट नहीं मिलता, अम्मा,” साहेब म्हणाला.

“म्याच नागूबाई,” ती म्हणाली. ती जागची हलली नाही. हक्काचं मत तर जाणारच होतं, वर सगळ्या गावादेखत ती खोटी ठरणार होती.

साहेबानं तिच्या नवऱ्याला बोलावलं. अंकुशराव टोपी सारखी करत आला.

“तुमची बीबी का नाव बोलो.”

अंकुशरावाला घाम फुटला. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं म्हणजे काय! “साहेब,” तो चाचरत म्हणाला, “म्या तिला ‘अगं’ म्हंतो.”

दोन्ही रांगा खदखदून हसल्या. साहेबही हसला, पण मान हलवून त्यानं मतपत्रिका मागे ओढली. तेवढ्यात बायांच्या रांगेतून काठी टेकत कोंडाबाई पुढे आली. सुनेनं मान खाली घातली. सासूला हे आत्ता, असं गावासमोर कळावं, याची तिला शरम वाटली. म्हातारीनं एकदाच ‘राजू’ म्हटलं असतं, की सगळं संपलं असतं.

“कामून अडिवलायसा हिला?” कोंडाबाई म्हणाली. “ही नागू, करजगीची. म्याच पसंत करून आणली आन् म्याच हिचं नाव बदललं. राजू माझी लेक व्हती, साहेब. ती गेली. मेल्याल्या माणसाला मत न्हाई, व्हय ना? मग हिचं हिला द्या. ही जित्ती हाय.”

चन्नबसप्पानंच खालमानेनं म्हटलं, “द्या साहेब. अक्का सांगायलीय म्हंजे खरं हाय.”

नागूबाईच्या बोटाला शाई लागली. पडद्याआड जाऊन तिनं आपल्या पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकला आणि डोळे पुसतच बाहेर आली. बाहेर बायांचा नुसता कल्ला चालला होता. शेजारी राहून केस पिकलेल्या बाया एकमेकींना माहेरची नावं विचारत होत्या आणि ऐकून टाळ्या देत होत्या.

त्या मतदारसंघाच्या नशिबी ती एकच निवडणूक होती. छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं, मुडबी म्हैसूर राज्यात गेली, नकाशावरच्या रेघा बदलल्या. मतदारसंघाचं नाव काय होतं, ते आता मुडबीत कुणाला धड सांगता येत नाही.

त्या दिवशी परतताना मात्र गाडीत तिघंच होती. अंकुशराव पुढे बसून बैलांवरच ओरडत होता, मागे वळून बघायची त्याची छाती नव्हती. नागूबाईनं हळूच विचारलं, “आत्याबाई, तुमचं वं? माहेरचं नाव काय तुमचं?”

कोंडाबाई चमकली. शाई लागलेलं बोट चोळत राहिली.

“तुळजा,” ती म्हणाली, आणि सत्तरीच्या म्हातारीनं लाजून तोंडाला पदर लावला.