साहेबांचे बर्फाचे टायर

आमच्या घरातलं निम्मं सामान साहेबांचं होतं. सोफा साहेबांचा, फ्रिज साहेबांचा, जेवणाचं टेबल साहेबांच्या जुन्या ऑफिसातलं. साहेबांकडे नवं काही आलं की जुनं खाली उतरायचं, आणि खाली म्हणजे दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये. बाबा त्यांच्या कंपनीत सोळा वर्षं होते, रुवैसच्या रिफायनरीतल्या कामावर सुपरवायझर. शनिवारी पहाटे कंपनीची फोर-व्हील-ड्राइव्ह घेऊन निघायचे, चार तासांचा रस्ता, आणि गुरुवारी परत यायचे. वस्तू घरी आली की आई ती ओल्या फडक्याने पुसायची आणि बाबा साहेबांना फोन करून थँक्यू म्हणायचे. मला या थँक्यूची लहानपणापासून चीड होती. चिडायला शब्द मात्र पुण्यात मिळाले.

पुण्यात कॉलेजला असताना मी एका ग्राहक गटासाठी पत्रकं लिहायचे. वजनात कमी भरणारे गॅस सिलिंडर, तारीख उलटलेली औषधं, असले विषय. पत्रकाचे नियम पक्के होते. एक पान, एक मागणी, आणि मागणी कोणाकडे आहे ते पहिल्या तीन ओळींत. गुळमुळीत लिहिलेलं पान आमच्या गटाची ताई वाचून झाल्यावर सरळ फाडायची. तीन वर्षं हे करून मी दुबईला परतले आणि बाबांनी मला त्यांच्याच कंपनीत परचेसला चिकटवलं. पहिल्या दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये ते म्हणाले, "इथे पत्रकं नाहीत. इथे पत्रक वाटलं की दुसऱ्या दिवशीचं विमान. आणि एकटी नाही जाणार तू, तिघं जाऊ."

दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. साहेबांची सासुरवाडी लेबनॉनच्या डोंगरात. त्या डिसेंबरात त्यांनी सगळं कुटुंब घेऊन सौदी, जॉर्डन, सीरिया करत गाडीने जायचं ठरवलं. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "स्नो चेन्स. चार दिवसांत. यल्ला, लवकर."

दुबईत बर्फाच्या साखळ्या शोधणाऱ्या मुलीचं काय होतं ते सांगायला नको. देरा भागातल्या टायरवाल्यांनी मला चहा पाजला आणि पोटभर हसून घेतलं. एकाने विचारलं, "मॅडम, किसको बाँधना है?" न हसणारा एकच भेटला, म्हातारा मल्याळी दुकानदार. त्याने स्टूल पुसून दिलं आणि नीट समजावलं. साखळी बर्फात, गोठलेल्या हातांनी, चाकाला गुंडाळावी लागते. रस्ता कोरडा लागला की लगेच काढावी लागते, नाहीतर साखळी तुटते आणि रस्ताही उखडतो. दहा दिवस बर्फात राहायचं तर टायरच बर्फाचे घ्यावेत आणि चढासाठी साखळ्यांचा एक जोड डिकीत टाकावा. मग त्याने माझा अंगठा धरून नमुन्याच्या टायरवर दाबला. रबर आत गेलं.

"ये ठंड में भी नरम रहता है, इसलिए पकड़ता है," तो म्हणाला. "डिसेंबर में यहाँ से चला लो, चलेगा. मार्च में निकाल देना, बेटी. जून में इसपे हाईवे गए तो मक्खन."

मी दोन पानी नोट लिहिली. साखळ्या की टायर, का, किती, कुठून. जून, हायवे आणि मक्खन हे पहिल्या पानावर, अधोरेखित. साहेबांनी दुसऱ्या पानाची शेवटची ओळ वाचली आणि सही केली. ते असंच करायचे. मला तेव्हा खटकलंही नाही, कारण मी स्वतःवर खूश होते. वाळवंटात बसून मी बर्फाचे टायर निवडले होते, आणि बरोबर निवडले होते.

साहेब जानेवारीत सुखरूप परतले. मार्चमध्ये त्यांच्या गाडीला नेहमीचे टायर चढले आणि बर्फाचे कंपनीच्या यार्डात पडून राहिले. इकडे बाबांच्या गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले होते. नव्या टायरांची मागणी मी दोनदा वर पाठवली. जूनमध्ये ती परत आली. वर साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं, माझे वापरा, नव्यासारखे आहेत. दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या. माप तंतोतंत जुळत होतं.

त्या गुरुवारी बाबा यार्डातून टायर चढवूनच घरी आले आणि मला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले. कौतुक दाखवायला.

"बघ कसली खोल नक्षी आहे. करंगळी जाते आत. साहेबांनी स्वतःचे दिले."

"बाबा, हे बर्फाचे आहेत."

"मग वाळूत अजून भारी. बर्फात पकड धरतो तो वाळूत धरणार नाही?"

"वाळू गेली खड्ड्यात. तुम्ही डांबरावरून जाता. दुपारी दोन वाजता त्या डांबरावर अनवाणी उभे राहून दाखवा."

"टायर आहे तो. पाय नाही."

रुवैसच्या वाटेवर तारीफ गावाच्या पुढे रस्त्याकडेला टायरची सोललेली सालं पडलेली असतात, हे मला बाबांनीच सांगितलं होतं. तेही मी बोलून दाखवलं. आई वर जेवायला वाढून बसली होती. वर गेल्यावरही आमचं चालूच होतं, तेव्हा ती म्हणाली, "जेवताना टायर नकोत."

शनिवारी ते गेले, आणि गुरुवारी आले. ते पाच दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. दरम्यान मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले होते, नोटचं पहिलं पान घेऊन.

"टायर कोणी निवडले?" त्यांनी विचारलं.

"मी."

"बेस्ट क्वालिटी?"

"हो सर, पण थंडीसाठी..."

"मग तुझ्या वडिलांना बेस्ट क्वालिटी मिळाली. खलास." आणि फोन उचलला. पान टेबलावर तसंच राहिलं, वरती त्यांच्या कॉफीचा कप.

स्वतःच्या पोरांसाठी या माणसाने दोन हजार किलोमीटर आधी बर्फाचा विचार केला होता. माझ्या बापासाठी त्याला खिडकीबाहेरचं ऊनही दिसेना. वर ती भेट होती. भेट म्हटली की तक्रार करणारा कृतघ्न ठरतो, ही या खाली उतरणाऱ्या वस्तूंमधली खरी गोम. सोफ्याने कोणी मरत नाही म्हणून सोळा वर्षं आम्हाला ती कळली नाही.

मी पत्रक लिहिलं. एक पान, एक मागणी, मोठ्या अक्षरात: या टायरांवर रुवैसला जाऊ नका. खाली कारणं, आणि शेवटी, "विश्वास नसेल तर अंगठा दाबून बघा." एकच प्रत, एकाच वाचकासाठी. शुक्रवारी सकाळी ते फ्रिजवर चिकटवलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं, काढलं, चार घड्या घातल्या आणि फ्रिजच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारलं.

"फ्रिज किती दिवस हलत होता," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला ते खाली आले तेव्हा मी पुढच्या सीटवर बसले होते.

"उतर."

"रुवैस बघायचंय."

"ऑफिस?"

"रजा टाकलीय."

"तमाशा करू नकोस. उतर म्हणतो ना."

"का? टायर चांगले आहेत ना? मीच निवडलेत."

त्यांनी गाडी काढली. एका सिग्नलला म्हणाले, "बेल्ट लाव." पुढच्या सिग्नलला म्हणाले, "मागे बसतेस का?"

"मागचे टायर वेगळे आहेत का?"

शहर संपायच्या आत पेट्रोल पंप लागला. हवा बघायची म्हणून ते उतरले. मी आरशात बघत होते. ते पाइप न घेताच मागच्या चाकाशी वाकले आणि टायरवर अंगठा दाबला. मग दुसरीकडून दाबला. रबर अजून रात्रीचं गारच होतं, ऊन लागायचं होतं, तरी अंगठा आत गेला. आत येऊन बसले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणाले, "एकटा असतो तर गेलो असतो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणून तर बसले."

त्यांनी गाडी मागे वळवली. सतवा भागातलं टायरचं दुकान आठला उघडलं. तोपर्यंत आम्ही गाडीतच होतो. बाबांनी साइटवर फोन करून पंक्चर झाल्याचं सांगितलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा उशीर, आणि त्यासाठी खोटं बोलायची तयारी. पण साहेबांना खरं सांगायची नाही. चार टायर स्वतःच्या खिशातून घेतले. "चौदाशे दिरहॅम, म्हणजे सतरा हजार," सवयीने मोठ्याने म्हणाले. बर्फाचे टायर वर्तमानपत्रात गुंडाळून घेतले आणि प्रत्येकावर खडूने 'साहेब' लिहिलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बाप वाचला, पण तो वाचल्याचा खर्चही त्यानेच भरला. माझं पत्रकच चुकलं होतं. मागणी बरोबर होती, मी ती चुकीच्या माणसाकडे केली होती. ताईने वाचताक्षणी फाडलं असतं.

बाबांनी साहेबांना सांगितलं, टायर तुमच्या पुढच्या थंडीसाठी जपून ठेवलेत. साहेब इतके खूश झाले की ऑफिसात चार जणांना ऐकवलं. डिसेंबरात टायर पुन्हा लेबनॉनला गेले. मार्चमध्ये पुन्हा यार्डात. एप्रिलमध्ये रुवैसच्या दुसऱ्या एका सुपरवायझरची नव्या टायरांची मागणी माझ्या टेबलावर आली. ती वर गेली की काय लिहून खाली येणार हे मला पाठ होतं.

मी यार्डातल्या पिकअपमध्ये ते चारही टायर टाकून देऱ्याच्या म्हाताऱ्याकडे नेले. त्याने काही विचारलं नाही. मी मागितल्यावर सुरा आणला आणि प्रत्येकाची कूस फाडून दिली. मग मी दोन पानी नोट टाइप केली. पहिल्या पानावर: बर्फाचे चार टायर मी फाडून भंगारात काढले आहेत, कारण उन्हाळ्यात त्यांवर माणूस पाठवणं म्हणजे त्याला मारणं. खाली माझं नाव, बाबांचं नाही. दुसऱ्या पानाच्या शेवटी एकच ओळ: यार्डात टायर शिल्लक नाहीत, रुवैसच्या गाडीसाठी चार नवे टायर, मंजुरी हवी.

साहेबांनी शेवटची ओळ वाचली आणि सही केली.