शेपटीखालचं काम

जंगलखात्याच्या पारशी साहेबांची हैदराबादला बदली झाली तेव्हा त्यांनी सगळं सामान नेलं आणि कुत्रं आमच्याकडे ठेवलं. आमचे हे जिंतूरच्या तहसिलीत कारकून होते आणि साहेबलोकांना नाही म्हणायची यांना सवय नव्हती. संध्याकाळी घरी आले ते शेरवानीत काहीतरी गुंडाळूनच. मला वाटलं, कापूस आणला.

कुत्रं पांढरं होतं, लांब केसांचं, मांजराहून जरासं मोठं. साहेबांच्या घरी त्याला एक नाव होतं. सासूबाईंनी ते कधी तोंडात घेतलं नाही. त्या त्याला नुसतं "हाड" म्हणत. महिन्याभरात "हाड" ऐकलं की ते शेपटी हलवत यायला लागलं.

लग्नाला मला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. घरात आम्ही तिघंच. मला माणसांशी बोलणं जमत नसे. सासूबाईंशी मी मानेनं बोले आणि यांच्याशी अगदी अडलं तर. कुत्र्याशी मात्र बोलत असे. भाजीत मीठ जास्त झालंय, आज वारा सुटलाय, असलंच काहीबाही.

दिवाळीनंतर घरात एक वास यायला लागला. कसला ते मला कळेना. सासूबाईंना कळलं. त्यांचं माहेर सोनपेठकडचं, आणि लहानपणी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाताना मासे धरणाऱ्या भोयांच्या घरांवरून वाट होती. एका सकाळी हे जेवायला बसले तसं त्यांनी वाढता वाढता विचारलं,

"मासळी कुठं खाऊन यायलास?"

"कोण? मी?"

"तूच. तुझ्या पाटाला वास यायलाय. साहेबाच्या पंगतीला बसलास का?"

"आई, साहेब जाऊन तीन महिने झाले."

"मग दुसरा कुणी साहेब असंल. तुला काय, साहेब म्हणला की तू बसलासच."

यांनी जानव्याची शपथ घेतली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि ताट उचलून बाहेर ओसरीवर ठेवलं. हे तीन दिवस ओसरीवर जेवले. हे कचेरीत गेले की कुत्रं यांच्या पाटावर झोपतं, ही गोष्ट मला ठाऊक होती. ती कोणत्या शब्दांनी सांगायची, यावर मी ते तीन दिवस विचार करत होते.

चौथ्या दिवशी मी नुकतंच सारवलं होतं. कुत्रं दारातून आत आलं, खाली बसलं, मागचे दोन्ही पाय वर धरले आणि बसल्या बसल्या घसटत थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलं. ओल्या सारवणावर सरळ रेघ उठली. सासूबाई वाकल्या. रेघेचा वास घेतला. मग ओसरीकडे तोंड करून म्हणाल्या, "ताट आत आण तुझं."

त्या विषयावर त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. कुत्र्याबद्दल बोलल्या.

"बाजारच्या दिवशी बोरीचा वाटेकरी यील. त्याच्या गाडीत घाल याला. खळं राखंल."

बोरीला आमची थोडी जमीन होती. वाटेकरी आला, कुत्र्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "माय, ह्ये खळं राखणार हाय? घारीनं उचललं तर मलाच तिच्यामागं पळावं लागंल."

"मग कोंबड्यांसंगं ठेव."

"कोंबड्या मारत्याल त्याला."

"मारल्या तर मारल्या. तुझ्या कोंबड्या."

"बरं, घरी इचारतो. पुढच्या बाजारी नेतो."

म्हणजे आठ दिवस होते. तो गेल्यावर मी यांना म्हणाले, "सलोतऱ्याला विचारा ना." हे माझ्याकडे बघतच राहिले. आपण होऊन मी इतकं कधी बोलले नव्हते.

सलोतरी म्हणजे जनावरांचा डॉक्टर. पोलिसांच्या घोड्यांसाठी होता, म्हातारा मुसलमान, सभ्य माणूस. घरात बाई आहे म्हणून तो ओट्यावर पाठ करून बसला. मी दाराआड. हे उंबऱ्यात, दोघांच्या मध्ये.

"बहू को बोलो, इसके दुम के नीचे दो थैलियां रहते. भर गए तो बास मारता, बैठ के घिसटता."

हे माझ्याकडे वळले. "ते म्हणतात, शेपटीच्या त्या बाजूला काहीतरी असतं."

"वटाणे के दाने जैसे. एक इधर, एक उधर."

"वाटाण्यासारखं," हे म्हणाले. कुठं, ते म्हणाले नाहीत. यांचे कान लाल झाले होते. मला दाराआडून सगळं नीट ऐकू येत होतं, पण तसं सांगायची माझी हिंमत नव्हती.

सलोतऱ्याने काठीनं मातीत गोल काढला. "ये घड़ी समझो. बीच में वो जगह. एक थैली चार पे, एक आठ पे. दुम ऊपर उठाओ, कपड़ा लगाओ, दो उंगलियों से आहिस्ता दबा के बाहर की तरफ लाओ. लिंबू नहीं निचोड़ना. लाल दिखा, गरम लगा, खून आया तो हाथ नहीं लगाना, मेरे को बुलाना. महीने में एक बार बस है. और दूध-पोळी बंद करो, ज्वारी की रोटी खिलाओ."

"एकदा तुम्हीच करून दाखवा की," हे म्हणाले.

"मैं? तौबा! नमाज का वक्त है. मेरा काम घोड़े-बैल का." आणि तो गेला.

हे त्या मातीतल्या गोलाकडे बराच वेळ बघत होते. आमच्या घरी घड्याळ नव्हतं. कचेरीतले टोले ऐकू येत, पण टोल्यांवरून चार कुठल्या बाजूला ते कळत नाही. माझ्या शाळेत पुठ्ठ्याचं घड्याळ होतं आणि चौथीत मी ते सगळ्यांच्या आधी शिकले होते. माझ्या शिक्षणाचा सासरी तोवर काही उपयोग झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी कुत्र्याचं तोंड धरलं आणि वर आढ्याकडे बघत उभे राहिले. मी शेपटी वर केली, चार आणि आठ शोधले. दोन्हीकडे खरंच दाणा लागला. मी हळूच दाबलं. काही झालं नाही. कुठं चुकतंय ते बघायला मी फडकं जरा बाजूला केलं आणि पुन्हा दाबलं. ते माझ्या कानाजवळून गेलं आणि खुंटीवरच्या शेरवानीला लागलं.

यांना शेरवानी एकच होती. त्या दिवशी कचेरीत यांना एकट्याला खिडकीपाशी बसायला मिळालं.

दुसऱ्या बाजूला दाबताना फडकं हलवलं नाही. कोमट पाण्यानं पुसलं, बोटभर करडीचं तेल लावलं. कुत्रं वळून माझ्याकडे बघत राहिलं, मग पाटावर जाऊन झोपलं. दोन दिवसांत घरातला वास गेला. वास गेल्याचं सासूबाईंना कळलं, आणि का गेला तेही. त्या म्हणाल्या,

"ज्या हातानं हे करतीस त्याच हातानं कणीक मळणार का?"

प्रश्न बरोबर होता. मी मान खाली घातली. बाजार दोन दिवसांवर होता. सासूबाई तो सगळा दिवस जपमाळ घेऊन बसल्या होत्या, पण ओढत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या,

"बाहेर बसतीस तेव्हा करत जा. विटाळ तर असतोच. एका अंघोळीत दोन्ही निघंल."

वाटेकरी गाडी घेऊन आला. "न्यायचं का, माय?"

"कोंबड्या मारतील म्हणालास ना तू?"

"म्हणालो व्हतो."

"मग राहू दे."

तेव्हापासून दर महिन्याला ते तीन दिवस मी मागच्या पडवीत घोंगडीवर बसे आणि कुत्रं माझ्याजवळ असे. फुटक्या गाडग्यात कोमट पाणी, एक जुनं फडकं. एरवी त्या दिवसांत मला कुणी शिवत नसे. कुत्र्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. काम झालं की ते माझ्या मांडीवर तोंड ठेवून झोपे. चौथ्या दिवशी मी डोक्यावरून पाणी घेऊन घरात येई.

असं वर्षभर चाललं. पुढच्या संक्रांतीनंतर एका दुपारी सासूबाई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या आणि कुत्रं त्यांच्यासमोरून घसटत गेलं. त्यांनी नाकाला पदर लावला.

"अगं, याचा महिना झाला ना?"

मी मान हलवली.

"होऊन वर दिवस झाले ना?"

मी पुन्हा मान हलवली.

त्यांचा हात सुपात तसाच राहिला. "आणि तुझा?"

मी खाली बघितलं. यांनाही मी अजून सांगितलं नव्हतं. शब्द जमवत होते. सासूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं, कुत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता कुत्रं बोरीला जातं. आता निदान वर्षभर मी बाहेर बसणार नव्हते, आणि आत राहून ते काम करता येत नव्हतं.

सासूबाई उठल्या. चुलीवरचं कोमट पाणी घेतलं, जुन्या धोतराचा तुकडा फाडला आणि परसात जाऊन कुत्रं पायांत धरून बसल्या. मी मदतीला वाकले.

"तू नको. तिथं बस, पाटावर. नुसतं सांग कुठं."

"चार," मी म्हणाले. "आणि आठ."

"चार म्हंजे कुठं?"

त्या शाळेत गेल्या नव्हत्या. मी पाटावरून उठले, कोळशाचा तुकडा आणला आणि त्यांच्यासमोर धुण्याच्या फरशीवर घड्याळ काढून दाखवलं. सगळे आकडे घातले. मग बोलले, की दाबताना फडकं हलवायचं नाही. लिंबासारखं पिळायचं नाही. लाल असलं तर हात लावायचा नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तोंड दुसरीकडे केलं आणि दाबलं.

नंतर त्यांनी विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं. माघातला गारठा होता. ओल्या लुगड्यानं कुडकुडत आल्या आणि मला म्हणाल्या, "आता उकिडवी बसत जाऊ नकोस."

मग पायात आलेल्या कुत्र्याला "हाड" म्हणाल्या. ते त्यांच्याजवळ जाऊन बसलं.