आखणीवाल्याचा टीव्ही

ट्यूनरचं झाकण उघडलं आणि बोटांना सोनेरी पावडर लागली. पेणच्या दुकानात मी टीव्ही दुरुस्त करायचो. आत झुरळं पाहिली होती, पाल पाहिली होती, पण सोनं पहिल्यांदाच पाहत होतो.

टीव्ही होता जवळच्या जोहे गावातल्या यशोदाकाकींच्या गणपतीच्या कारखान्यातला. धुळीने चॅनेल नीट लागेना, म्हणून कारागिरांनी मागचं झाकण काढून रंगाच्या गनने आत हवा मारली. गनमध्ये मुकुटाचा सोनेरी रंग शिल्लक होता. धन्य ती मंडळी!

काकी दुकानात ठाण मांडून बसल्या. सीझन तोंडावर आलेला, आणि डोळ्यांची आखणी करणारा त्यांच्याकडे एकच, नामदेव. त्याला दुपारची मालिका लागायची. समोरच्या कारखान्यात टीव्ही चालू होता आणि तिकडून बोलावणंही आलं होतं. नामदेव गेला तर शेकडो गणपती बिनडोळ्यांचे राहणार.

"मिस्त्री, कायपन कर, पन आजच कर," काकी म्हणाल्या.

अँटेनाच्या वायरमधून सगळे चॅनेल एकदम येतात. त्यातला हवा तो निवडून पुढे पाठवणं, हे ट्यूनरचं काम. जुना ट्यूनर गोल फिरवायचा, कटकट वाजणारा. आत धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात, मध्ये धूळ शिरली की संपलं. काकींच्या टीव्हीत हाच होता. दुसरा इलेक्ट्रॉनिक, बटणांचा. तो पत्र्याच्या बंद डबीत असतो, त्याला धुळीचा त्रास कमी. तिसरा हायपरबँड, तो केबलचे जादा चॅनेलही पकडतो, आणि किंमतही जादा.

दुकानाचे मालक, शेठ, कानाशी येऊन म्हणाले, "हायपरबँडच टाक. बाई घाईत आहेत, नाही म्हणायच्या नाहीत."

माझं डोकंच फिरलं. "शेठ, जोह्यात केबल कुठाय?"

"येईल की."

"येईल तेव्हा टाकू."

शेठ दुपारभर धुसफुसत होते. मी साधा इलेक्ट्रॉनिक बसवला आणि टीव्ही घेऊन काकींबरोबर टेम्पोने जोह्याला गेलो, कारण अँटेनाही फिरवायचा होता. बटण दाबलं आणि काचेसारखं स्वच्छ चित्र आलं. कारागिरांनी टाळ्या वाजवल्या. नामदेवने चष्मा पुसून पुन्हा लावला. मी स्वतःवर जाम खूश होऊन घरी गेलो.

आठवडा झाला नाही तोच काकी पुन्हा दुकानात.

"काय करून ठेवलंस रे बाबा? आधी नुसत्या मुंग्या दिसायच्या. कान तिकडं आन् हात इकडं, काम चालायचं. आता नामदेवला गणपतीचे डोळे आखायला बसवावं, तर त्याचेच डोळे टीव्हीत. थोडं बिघडवून दे."

टीव्ही बिघडवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. राग आला, हसूही आलं. शेठ तर खो खो हसत होते. म्हटलं, काकी, माझ्या हातून ते व्हायचं नाय, चला, येऊन बघतो.

कारखान्यात मालिका रंगात आली होती. नामदेवचा ब्रश हवेत, पुढ्यातला गणपती एका डोळ्याचा. मी टीव्ही उचलला आणि उलटा फिरवून ठेवला, तोंड तयार मूर्तींच्या रांगेकडे. आवाज तसाच चालू. नामदेवने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. रविवारी संध्याकाळच्या सिनेमाला टीव्ही सरळ करायचा, असं काकींनी कबूल केलं, तेव्हा कुठे तो निवळला. ब्रश बुडवला आणि कान देऊन दुसरा डोळा आखायला लागला.

समोरच्या कारखान्यात काही तो गेला नाही. मी निघताना तो टीव्हीसमोरच्या तयार मूर्तींकडे मान करून म्हणाला, "बघू दे त्यांना. त्यांचे डोळे झालेत आखून."

त्यानंतर कोणी ट्यूनर बदलायला आलं की मी आधी विचारायचो, टीव्ही बघता की ऐकता?