इंजिनाशिवाय उतरलेलं यान

नव्वदच्या दशकातला एक शुक्रवार, म्हणजे सुट्टी. आखातात, मुहैस्नाहच्या कामगार-कॅम्पातल्या आमच्या खोलीत एसीची घरघर, वाळत टाकलेल्या कपड्यांचा ओला वास आणि जेवणानंतरची गुंगी. जागे होतो ते मी आणि चाचा. चाचा रत्नागिरीकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. आम्ही दोघंही विमानतळाच्या धावपट्टीवर डांबर टाकणाऱ्या टोळीत होतो.

टीव्हीवर अंतराळयान उतरताना दाखवत होते. दोन आठवडे वर राहून, उंदरांवर, रोपांवर, कशाकशावर प्रयोग करून माणसं परत येत होती. निळ्या आभाळात एक पांढरा ठिपका. आवाज नाही, घाई नाही. ते उतरतंय की माझ्या डोळ्यांवर झोप उतरतेय, कळेना.

चाचांचं लक्ष यानाकडे नव्हतंच. "पट्टी बघ रे कशी टाकलीय. एक लहर नाही!" लग्नाला गेलो तरी आम्ही नवरीआधी मांडव बघणार, अशातली गत.

इंग्रजीत सांगत होते ते मी त्यांना समजावलं. "चाचा, याचं इंजिन उतरताना चालत नाही. नुसतं तरंगत येतं. नाही जमलं तर विमानासारखं परत वर, असं नाही. एकच चान्स."

"परत उचलता येत नाही?"

"नाही. खलास."

चाचा उठून बसले.

दरवर्षी ते म्हणत, "इन्शाल्ला, या साली कॅन्सल." म्हणजे व्हिसा रद्द करून कायमचं गावी. घर बांधून झालं होतं, मुली सासरी गेल्या होत्या, चाची एकट्या वाट बघत होत्या. पण वेळ आली की चाचा रजेवर जात आणि दोन महिन्यांनी पुन्हा हजर. मी खूप चिडवायचो. एकदाच ते खरं बोलले होते. "अरे, घरात मी पाहुणा असतो. ती मला बसवून ठेवते, गोड बोलते. कायमचा गेलो तर करू काय मी तिथं?"

यान टेकलं. चाकांखाली धूर उठला, मागे छत्री उघडली आणि ते रेंगाळत थांबलं. "सीधा आला," चाचा हळूच म्हणाले. डोळे पुसले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

शनिवारी त्यांनी ऑफिसात कॅन्सलचा कागद दिला. मला वाटलं, मागे घेतील. नाही घेतला. ते गेल्यावर मला करमेना.

गावाकडे पाऊस सुरू झाल्यावर मी त्यांना फोन लावला. चाचा धापा टाकत बोलायला लागले, तोच मागून चाचींचा आवाज आला, "चिखलाचे पाय घेऊन धावत आलात? आत्ताच लादी पुसलीय मी!"

"ऐकलंस?" चाचा हसत सुटले. "रोज ओरडते रे, रोज!"

मला इतका आनंद झाला की फोनकार्डात उरलेल्या मिनिटांत मी घरी फोन केला. बायकोने जेवणाचं विचारलं, तब्येतीचं विचारलं. मी मुद्दाम म्हटलं, "तुझं मागचं पत्र वाचायचं राहूनच गेलं बघ."

"असू दे. तुम्हाला कामं असतात," ती म्हणाली.

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. ती मला एकदाही ओरडली नव्हती.